पॅकेजच्या पुढचे प्रश्न

ऑफर लेटर आलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला, ‘पॅकेज किती?’ फीसाठी ओढाताण केलेल्या आईवडिलांनी तो विचारावाच. पण १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेली, मिलेनियल म्हणवली जाणारी पिढी आता नोकरीत मुरली आहे. हिंजवडीत किंवा ऐरोलीत बरीच वर्षं काढलेल्या नात्यातल्या ताई-दादाला विचारा, नोकरी बदलताना काय पाहिलंस? पगार सांगतीलच; पण साहेब कसा आहे, शिकायला मिळतं का, घरी किती वाजता पोचता येतं, हेही लगेच येईल.

यातलं शिकणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्यांचा पगार कितीतरी वर्षं वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपासच अडकून राहिला. तफावत पडते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांपैकी एकाचं काम वरिष्ठ रोज तपासतो, चुका दाखवतो. दुसरा महिनोन् महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, नाहीतर एक्सेलच्या तक्त्यांत. पुढच्या मुलाखतीत दोघांकडे सांगण्यासारखं सारखं कसं असेल? म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हटलं की गप्प बसू नका. पहिले सहा महिने कोणतं काम, कुणाच्या हाताखाली, प्रोजेक्ट मिळेपर्यंत काय शिकवतात, हे नम्रपणे विचारा. यानं कुणी नाराज होत नाही.

पॅकेजचा आकडाही नीट वाचा. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार त्या एकूण वार्षिक खर्चात, कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे असं बरंच धरलेलं असतं; दरमहा हातात किती पडणार ते एचआरकडून लिहून घ्या. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल, तर पुढे नवी कंपनी तेवढं थांबेलच असं नाही. बाँड असेल तर किती वर्षांचा, रक्कम किती?

मुलींनी आणखी विचारावं. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे. ती आहे का? रात्रपाळीला घरापर्यंत गाडी मिळते का?

आणि पालकांनो, दोन वर्षांत मुलगा नोकरी सोडतो म्हणाला, तर ‘एका जागी टिकत नाहीस’ म्हणण्याआधी त्याला विचारा, तिथे शिकणं कुठे थांबलं, आणि दुसरी ऑफर हातात आहे का.