काम कुणाचं?

आजचा श्लोक: गीता, अध्याय 18, श्लोक 46. ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं, त्याची पूजा आपल्या कामानेच करायची, असं भगवंत सांगतात.

गेले काही महिने लॅपटॉप उघडला की छातीत धडधडायचं. वाटायचं, नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला की टेन्शन संपेल. मग आमचं एटापल्ली आठवलं.

उन्हाळ्यात तिथे तेंदूपानांचा हंगाम असतो. पूर्वी लिलाव वनविभागाचा, माल ठेकेदाराचा, गावाला मुख्यतः मजुरी. 2006 चा वनहक्क कायदा आणि 2014 चे पेसा नियम आले, तशा जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. पहाटे जंगलात जाणं, पुडे बांधणं तेच. वर भाव पडला, अवकाळी पाऊस आला, तर ती काळजीही आता ग्रामसभेचीच.

म्हणजे मालकीने काळजी जात नाही. काम मात्र आपलं होतं.

आणि श्लोक तर म्हणतो, खरा मालक तोच. धंदा जरूर काढा, पण कामापासून पळायला नको. मी सोमवारपासून लॅपटॉप उघडण्याआधी हात जोडतो: देवा, हे तुझं काम. धडधड पूर्ण गेली नाही, पण कामात पुन्हा मन लागतंय.

आज तुम्हीही करून बघा. जय हरी!