विंडोज १० संपलं. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं तर टॅलीचं काय?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. दुकानातला जुना आय-थ्री चांगला चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही. मग सेनगाव, कळमनुरी, वसमतहून एकच प्रश्न येतो: "सर, लिनक्स टाकलं तर माझी टॅली चालेल का?"

मिंट कसं टाकायचं ते व्हिडिओत दाखवलंय. इथे फक्त विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचे रस्ते बघू.

आधी एक काम करा. आठवडाभर वही जवळ ठेवा आणि कॉम्प्युटरवर काय काय उघडता ते लिहा. जीएसटी पोर्टल, उद्यम नोंदणी, मेल, यूट्यूब हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, त्याला विंडोज लागतच नाही. बहुतेकांच्या वहीत शेवटी दोन-तीनच नावं उरतात: टॅली, डिजिटल सहीचा टोकन, एखादा प्रिंटर. खरा प्रश्न तेवढ्यांचाच आहे.

पहिला रस्ता वाईन. नावावर जाऊ नका, १९९३ पासून चालू असलेला हा फुकट प्रकल्प आहे. वाईन म्हणजे दुभाष्या. सॉफ्टवेअर विंडोजच्या भाषेत काही मागतं, वाईन ते लिनक्सला समजेल असं सांगतो. आत खरं विंडोज नसतं, म्हणून त्याचं लायसन्स लागत नाही आणि ४ जीबी रॅममध्येही भागतं. पण विंडोजचे ड्रायव्हर वाईनमध्ये चालत नाहीत. प्रिंटरचा लिनक्सचा ड्रायव्हर असेल तर प्रिंट निघेल, नसेल तर नाही. टोकन आणि डोंगलचं तर विसराच. जुनं लेबल छापायचं किंवा दर काढायचं छोटं सॉफ्टवेअर असेल तर वाईन बेस्ट. टॅली मात्र कंपनी विंडोजसाठीच बनवते. एखाद्या अपडेटनंतर वाईनमध्ये ती बंद पडली तर दाद मागायला जागा नाही. हिशोबाच्या वह्यांवर असला प्रयोग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा रस्ता व्हर्च्युअल मशीन. घर लिनक्सचं, आत विंडोज भाडेकरू, त्याची चूल वेगळी. टॅली इथे खऱ्या विंडोजवरच चालते, टोकनही आत जोडता येतो. अडचण रॅमची. ६४-बिट विंडोज १० ला कमीत कमी २ जीबी द्यावीच लागते, आणि तेवढ्यात ते रांगतं. मशीनमध्ये एकूण ४ जीबी असेल तर घरमालक आणि भाडेकरू दोघंही उपाशी. ८ जीबी आणि एसएसडी असेल तरच या वाटेला जा. भाडेकरू विंडोजचं लायसन्स वेगळं लागतं. आणि आत विंडोज १० च असेल तर त्याचाही सपोर्ट संपलेलाच आहे, म्हणून तिथे टॅलीशिवाय काही उघडायचं नाही, ब्राउझर तर नाहीच.

इथे एक खाचखळगा धंदेवाल्यांना कोणी सांगत नाही. व्हर्च्युअलबॉक्स धंद्यालाही फुकट आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक फक्त घरगुती वापराला फुकट. दुकानात वापरायचा तर ओरॅकलचं लायसन्स घ्यावं लागतं. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ ची सोय मूळ पॅकेजमध्येच आली आहे, त्यामुळे टोकनसाठी तो पॅक टाकायची गरजच नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यालाही फुकट झालंय, तेही बघा.

ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही, पण एका वेळी एकच. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि तुम्ही मशीन बंद-चालू करताय, हे काउंटरवर परवडत नाही. महिन्यातून दोनदा सहीचा टोकन लावायचा असेल तर ठीक आहे.

दुकानात दोन मशीन असतील तर मला चौथा रस्ता सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. एकावर विंडोज ११ प्रो, टॅली तिथेच. जुन्या मशीनवर लिनक्स, आणि तिथून रेमिनाने विंडोजची स्क्रीन उघडायची. प्रोच घ्या, कारण होममध्ये बाहेरून असं जोडता येत नाही. प्रोवरही एका वेळी एकच जण काम करू शकतो, हे धरून चाला.

लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्यांनी आणि अंगठ्याचं मशीन लावून सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी घाई करू नये. मशीन देणारी कंपनी "लिनक्सवर चालेल" असं लेखी देत नाही, तोवर एक कॉम्प्युटर विंडोजचाच ठेवा. अंगठा लागला नाही तर त्या दिवसाची कमाई गेली.

बदल करायची वेळही बघा. सोयाबीनच्या किंवा हळदीच्या सीझनमध्ये नको. ११ आणि २० या जीएसटीच्या तारखांच्या तोंडावरही नको. २० नंतरचा एखादा निवांत दिवस धरा. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालू करा, इन्स्टॉल दाबू नका. तुमचा बिलाचा प्रिंटर लावा आणि एक पावती काढून बघा.