‘बोर्डाचा नियम आहे’ असं कुणी म्हटलं, तर...

मुलीच्या दहावीच्या हॉल तिकिटासाठी शाळेने पैसे मागितले. का, विचारलं तर खिडकीतून उत्तर आलं, “बोर्डाचा नियम आहे.” पावती मागितली, तर ती नाही म्हणे. मी राज्य मंडळाचं प्रकटन काढून पुढे ठेवलं. हॉल तिकिटाच्या प्रिंटसाठी विद्यार्थ्यांकडून वेगळं शुल्क घेऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. तिकीट सही-शिक्क्यासह लगेच हातात पडलं. पण माझ्याआधी रांगेतल्या कितीतरी जणांनी मुकाट पैसे भरले होते. त्यांत रोजंदारी बुडवून आलेली माणसं होती. त्याचा राग अजून जात नाही.

म्हणून पालकांना सांगते, बोर्ड म्हणजे नेमकं काय ते माहीत करून घ्या. १९६५च्या कायद्याने स्थापन झालेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या या मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत आणि मुख्य काम दहावी-बारावीच्या परीक्षा, निकाल, प्रमाणपत्रं. पहिली ते बारावीची पुस्तकं बालभारतीची. धोरण ठरवतो मंत्रालयातला शालेय शिक्षण विभाग, तेही शासन निर्णय, म्हणजे जीआर काढून. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हा अनेकांनी बोर्डाला बोल लावले, पण एप्रिल आणि जूनचे ते जीआर विभागाचे होते. लोकांनी आवाज उठवला तो सरकारपुढे, आणि जूनअखेर ते रद्द झाले. तक्रार योग्य दारी गेली की असं होतं!

तेव्हा कुणी नियम सांगितला की परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख मागा. शाळेने पैसे उकळले तर लेखी अर्ज जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांकडे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

बोर्डाच्या हद्दीतल्या गोष्टींत मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. फॉर्म भरल्यावर शाळेत प्री-लिस्ट येते. त्यात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय अक्षर न् अक्षर तपासा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं आणि नंतरची दुरुस्ती नाकी नऊ आणते. गुणांबद्दल शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, पुनर्मूल्यांकन त्यानंतर. मुदत ऑनलाइन निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनच धावू लागते. छापील गुणपत्रिकेची वाट बघत बसू नका.