जुन्या लॅपटॉपचा वाय-फाय: दोष नेमका कुठे?



वाशीतील आमच्या अभ्यासवर्गाचा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. फासेपारधी वस्तीवरची मुले त्यावरून महाडीबीटीचे शिष्यवृत्ती अर्ज भरतात. गेल्या खेपेस एका मुलीची कागदपत्रे चढवताना वाय-फाय तीनदा तुटला. मुदतीला दोनच दिवस उरले होते. "लॅपटॉपच बदलायला हवा," असे म्हणून मी मंडळीकडे देणगी मागणारे पत्रही लिहून ठेवले. ते पाठवावे लागले नाही. काय केले ते क्रमाने सांगतो.

१. आधी दोष कुणाचा ते ठरवा. लॅपटॉपशेजारी मोबाईल ठेवा आणि तोही त्याच वाय-फायला जोडा. दोन्हीकडे सिग्नल कमी असेल, तर अडचण राउटरची किंवा भिंतीची. फक्त लॅपटॉपवर कमी असेल, तर लॅपटॉपची.

२. राउटरची जागा पाहा. आमची खोली जुन्या माळवदाची, भिंती हातभर जाड. त्यात राउटर लोखंडी कपाटामागे! लोखंड या लहरी अडवते. राउटर उंच, मोकळ्या जागी, दारासमोर ठेवताच मोबाईलला पूर्ण सिग्नल आला, लॅपटॉपला निम्माच.

३. नेटवर्क नीट निवडा. बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क देतात. २.४ धिमे, पण भिंतीपलीकडे जास्त पोचते. अनेक जुन्या लॅपटॉपांना ५ दिसतच नाही. शेजारी पुष्कळ वाय-फाय असतील, तर २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल ठेवा.

४. वीजबचत बंद करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर 'मॅक्सिमम परफॉर्मन्स'वर ठेवा. बॅटरीवर चालताना याचा फरक पडतो.

५. अँटेना तपासा. तो बहुधा पडद्याच्या चौकटीत असतो. तिथून बारीक वायरी बिजागरीतून वाय-फाय कार्डापर्यंत येतात. आमची बिजागरी पूर्वी दुरुस्त केलेली होती. दुकानात खालचे झाकण उघडले, तर एक वायर सुटलेली! ती बसवताच सिग्नल भरला.

६. कार्डच निकामी असेल, तर यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावा. नव्या लॅपटॉपच्या मानाने त्याची किंमत अगदी थोडी असते.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलीचा अर्ज गेला. मी ते पत्र फाडून टाकले. देणगीच्या पैशाचे आपण केवळ कारभारी आहोत. म्हणून नवे मागण्याआधी जुने उघडून पाहावे, एवढे मी यातून शिकलो.