जुन्या व्हॅनचा गिअर जड पडतो तेव्हा

आष्टी (ता. परतूर, जि. जालना) आणि आसपासच्या गावांतील मोसंबी, भाजीपाला व दूध बाजारास पोचविण्याचे काम एके काळी बैलगाडी करीत असे. आज ते लहान मालवाहू गाड्या आणि जुन्या व्हॅन करतात. यांपैकी पुष्कळ गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या असतात. १९८४ साली निघालेली व पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेलेली मारुती व्हॅन हे त्यांतील ओळखीचे उदाहरण होय. तिचे उत्पादन २०१९ साली थांबले, म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच समजावयास पाहिजे. अशा गाडीविषयी येणारी एक नेहमीची तक्रार म्हणजे गिअर जड पडतो, ही होय.

ही तक्रार ऐकताच ‘गिअर बॉक्स खोलावा लागेल’ असे मानण्याची घाई करू नये. गिअर बॉक्स उतरविणे म्हणजे गाडी काही दिवस उभी राहणे, आणि मोसंबीच्या तोडणीच्या दिवसांत तो खोळंबा दुरुस्तीच्या खर्चापेक्षाही महाग पडतो. वास्तविक दोष अनेकदा गिअर बॉक्सच्या बाहेर, क्लचमध्ये किंवा दांड्याच्या जोडणीत असतो. मात्र तो तसाच ठेवून दांड्यावर जोर करीत राहिल्यास बाहेरचा किरकोळ दोष आतील मोठा दोष होतो. याचे कारण समजून घेणे अवश्य आहे.

चालत्या गाडीत गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत गुंतवावयाचे असतात. त्यांची गती आधी सारखी करण्यासाठी गिअर बॉक्समध्ये पितळेची कडी असते. ही कडी शंकूच्या आकाराच्या भागावर घासते आणि घर्षणाने दोन्ही भागांची गती जुळविते. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत ही योजना प्रथम आली. तत्पूर्वी चालकास दोनदा क्लच दाबून, गतीचा अंदाज बांधून गिअर टाकावा लागे. आता क्लच पूर्ण सुटत नसेल, तर या लहानशा कडीला इंजिनाच्या फिरत्या जोराशी झुंजावे लागते. त्यामुळे दांडा जड लागतो, आणि चालक जितका अधिक जोर लावतो तितकी कडी अधिक झिजते.

म्हणून पहिली परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना मागेपुढे दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. एखादा गिअर दाताला दात अडल्याने बसत नसेल, तर क्लच सोडून पुन्हा दाबावा. तेवढ्यावरून दोष धरू नये. मग दांडा न्यूट्रलमध्ये आणून इंजिन चालू करावे आणि ब्रेकवर पाय ठेवून तेच पुन्हा करावे. इंजिन बंद असता गिअर सहज पडत असतील आणि चालू असता जड जात असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. दोन्ही वेळा सारखेच जड असतील, तर जोडणी किंवा तेल पाहावे. एकच गिअर अडत असेल व बाकीचे ठीक असतील, तर मात्र आतील कडी झिजल्याची शंका घ्यावी.

क्लचबद्दल आणखी एक खूण उपयोगी आहे. इंजिन सावकाश चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, पाचएक सेकंद थांबावे व मग रिव्हर्स टाकावा. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला पितळेची कडी नसते. थांबूनही खरखर आवाज आला, तर क्लच ओढत आहे हे जवळजवळ निश्चित. येथे सर्वांत आधी पायाखाली पाहावे. चिखल लागू नये म्हणून अंथरलेली गोणी किंवा रबरी चटई पेडलखाली गोळा होते, आणि पेडल तळापर्यंत जातच नाही. एवढ्या कारणासाठी गॅरेजमध्ये गाडी नेणारेही असतात!

ओम्नीसारख्या गाडीत क्लच तारेने ओढला जातो. तार ताणली गेली, तिचे धागे तुटू लागले किंवा तिच्या नळीत धूळ साचली, म्हणजे पेडल दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. पेडलची मोकळी चाल साधारणपणे १५ ते २५ मिलिमीटर असते. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा मात्र अंतिम मानावा. चाल जास्त असेल तर तारेचे नट फिरवून ती कमी करावी. ती अजिबात नाहीशी करू नये, कारण मग क्लच सतत अर्धवट सुटलेला राहून प्लेट जळते. धागे तुटलेली तार बदलावीच.

काही गाड्यांत तारेऐवजी तेलाच्या दाबावर क्लच चालतो. तेथे पेडल दोनतीनदा भरभर दाबल्यावर गिअर सहज पडू लागला, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर गळत आहे. त्या भांड्यात झाकणावर लिहिलेलेच तेल घालावे. इंजिनचे तेल किंवा डिझेल घातल्यास रबरे फुगून सारी रचनाच निकामी होते.

आता जोडणीकडे वळू. आसनाखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये दांडा थेट गिअर बॉक्सवर बसविलेला नसतो. मध्ये जोडदांडी, सांधे आणि रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बुश असतात, आणि हे सर्व गाडीच्या पोटाखाली उघडे असते. काळ्या जमिनीची धूळ ग्रीसमध्ये मिसळली म्हणजे तिचा कानशीसारखा लगदा होतो. पावसाळ्यात त्यावर चिखल बसून वाळतो. तपासताना इंजिन बंद असावे. एकाने दांडा हलवावा व दुसऱ्याने खालून पाहावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. मजबूत लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावावेत. दांडा हलूनही जोडदांडी उशिरा हलत असेल, तर बुश झिजला आहे. बुश ही स्वस्त वस्तू आहे. तो बदलून, सांधे स्वच्छ पुसून नवे ग्रीस भरावे. मात्र रबरी बुशास ग्रीस किंवा डिझेल लावू नये, रबर सडते.

गिअर फक्त हिवाळ्यातील सकाळी जड लागत असेल व गाडी चार-पाच किलोमीटर चालल्यावर हलका होत असेल, तर तेल जाड आहे. जुन्या गिअर बॉक्सचा आवाज दबावा म्हणून काही मिस्त्री १४० नंबरचे तेल घालतात. आवाज दबतो हे खरे, पण थंडीत कडी त्या जाड तेलातून लवकर वाट काढू शकत नाही. तेलाचा नंबर व दर्जा पुस्तिकेप्रमाणेच असावा. जीएल-४ सांगितले असता जीएल-५ घालणे टाळावे; त्यातील काही रसायने पितळेच्या कडीस मानवत नाहीत.

तेल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट उघडून पाहावा, मगच खालचा. खालून तेल सोडल्यावर वरचा बोल्ट गंजून बसल्याचे कळले, तर गाडी जागची हलविता येत नाही. तेल कोमट असताना सोडावे आणि नवे तेल भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत घालावे. निघालेले तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजमध्ये द्यावे. ते पांढऱ्या कापडावर थोडे पसरून पाहिल्यास बरेच कळते. राखाडी बारीक गाळ ही नेहमीची झीज होय. सोनेरी चकाकी दिसली तर पितळेची कडी झिजत आहे, आणि पोलादाचे तुकडे निघाले तर गाडी चालविणे थांबवावे.

इतके करूनही एखादा गिअर अडतच असेल, तर गिअर बॉक्स उतरविण्यावाचून उपाय नाही. हंगाम संपेपर्यंत दिवस काढावयाचे असल्यास त्या गिअरवर जाताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून पुन्हा दाबणे, मग गिअर, अशी जुनी दोन दाबांची रीत वापरावी. भरलेली गाडी घेऊन उतार उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून घ्यावा, मध्यावर नव्हे. गिअर बॉक्स उतरेल त्या वेळी क्लच प्लेट व तिचे बेअरिंगही तपासून घ्यावे, कारण मजुरी तीच पडते. आणि बदललेल्या जुन्या कड्या मिस्त्रीकडून मागून घेऊन नव्या कडीशेजारी ठेवून पाहाव्यात.