ट्रायझॉल की कॉलम? एकाच ऊतकावर दोन्ही पद्धती पारखण्याची कृती

आरएनए काढण्याची कोणती पद्धत चांगली, हे ऊतक कोणतं ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. यकृताच्या एका मिलिग्रॅममागे साधारण ६ ते १० मायक्रोग्रॅम आरएनए मिळतो. मांडीच्या स्नायूत जेमतेम १ ते १.५, आणि वर चिवट तंतूंचा त्रास. म्हणून तुलनेसाठी ही दोन टोकं घ्यावीत. खालची कृती शेळीच्या ऊतकांसाठी आहे. ट्रायझॉलची पद्धत खोम्चिन्स्की आणि साक्की यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या तंत्रावर उभी आहे. दुसरी पद्धत सिलिका कॉलमच्या किटची.

तयारी

द्रव नायट्रोजन, खलबत्ता, ट्रायझॉल, क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपेनॉल, ७५ टक्के इथेनॉल, कॉलमचं किट, डीएनेज, आरएनेजमुक्त पाणी आणि टिप्स. आरएनेज हे विकर ऑटोक्लेव्हलाही पुरतं दाद देत नाही, म्हणून हातमोजे वारंवार बदला. ट्रायझॉलमधल्या फिनॉलने कातडी भाजते. ट्रायझॉलचं काम फ्यूम हूडमध्येच करा.

कृती

१. जनावर कापल्यावर लगेच ऊतकाचे वाटाण्याएवढे तुकडे करून द्रव नायट्रोजनमध्ये टाका. नायट्रोजन हाताशी नसेल तर अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ काप आरएनएलेटरमध्ये बुडवा. किती मिनिटं गेली ते वहीत लिहा.

२. थंड केलेल्या खलबत्त्यात नायट्रोजन ओतत तुकड्यांची बारीक पूड करा. प्रत्येक ऊतकाची पूड एकत्र कालवूनच दोन्ही पद्धतींसाठी वाटा. एका पद्धतीला एक तुकडा आणि दुसरीला दुसरा दिला, तर तुलना तुकड्यांची होते.

३. प्रत्येक पद्धतीसाठी तीन नळ्या भरा: यकृत १० मिग्रॅ, स्नायू ३० मिग्रॅ. कॉलमची क्षमता बहुधा १०० मायक्रोग्रॅमची असते. ३० मिग्रॅ यकृतात १८० ते ३०० मायक्रोग्रॅम आरएनए असतो. जास्तीचा कॉलममधून वाहून जातो आणि कॉलम उगाच नापास होतो.

४. पूड वितळण्याआधीच तिच्यावर द्रावण घाला: एका संचावर १ मिली ट्रायझॉल, दुसऱ्यावर किटचा लायसिस बफर. होमोजिनायझरने एकजीव करा.

५. ट्रायझॉल संच: ५ मिनिटं ठेवा. ०.२ मिली क्लोरोफॉर्म घालून १५ सेकंद जोरात हलवा, २-३ मिनिटं थांबा, मग ४ अंश सेल्सिअसला १२,००० जी वर १५ मिनिटं फिरवा. खाली लालसर थर, मध्ये पांढरी साय, वर नितळ पाणी दिसेल. आम्ल माध्यमामुळे डीएनए सायीत आणि खालच्या थरात अडकतो. आरएनए वर राहतो. नळी तिरकी धरून वरचं पाणी हळूहळू ओढा आणि सायीवर थोडं सोडून द्या. शेवटच्या थेंबाचा लोभ केला की डीएनए आलाच.

६. त्यात ०.५ मिली आयसोप्रोपेनॉल घाला, १० मिनिटं ठेवा, १२,००० जी वर १० मिनिटं फिरवा. पेलेट ७५ टक्के इथेनॉलने धुऊन ७,५०० जी वर ५ मिनिटं फिरवा. ५ ते १० मिनिटं वाळवा; कडकडीत वाळवलात तर विरघळता विरघळत नाही. ५० मायक्रोलिटर पाण्यात घेऊन ५५ अंशांवर १० मिनिटं ठेवा.

७. कॉलम संच: स्नायूच्या नळ्यांना आधी किटप्रमाणे प्रोटिनेज-के द्या, नाहीतर तंतूंनी कॉलम तुंबतो. गाळ खाली बसवून वरच्या द्रवात इथेनॉल मिसळा, कॉलमवर चढवा, धुवा. शेवटी रिकामा कॉलम एकदा फिरवून इथेनॉल घालवा आणि ५० मायक्रोलिटर पाण्यात आरएनए उतरवा.

८. डीएनेज दोन्ही संचांना द्या, कॉलम संचाला मात्र आरएनए उतरवण्याआधी कॉलमवरच. एकालाच दिलं तर दुसऱ्याचं उत्पन्न डीएनएमुळे फुगलेलं दिसेल.

निकाल वाचताना

उत्पन्न नेहमी ऊतकाच्या दर मिलिग्रॅममागे लिहा. २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास हवं. २६०/२३० खूप खाली आलं तर ट्रायझॉल किंवा लायसिस बफरमधलं ग्वानिडिन राहिलं असं समजा. इथेनॉलने आणखी एकदा धुवा. जेलवर २८ एस पट्टा १८ एसच्या सुमारे दुप्पट ठळक दिसावा. पीसीआर करताना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी जरूर ठेवा. तिच्यात सिग्नल आला तर डीएनए शिल्लक आहे.

निवड

नमुने पुष्कळ आणि हात नवखे असतील तर कॉलम सोयीचा. मायक्रोआरएनए हवा असेल तर ट्रायझॉल, कारण साध्या कॉलममध्ये २०० न्यूक्लिओटाइडहून लहान रेणू बहुतांशी निसटतात. स्नायूसाठी दोन्हींचा मेळ घालता येतो: ट्रायझॉलचा वरचा थर इथेनॉल मिसळून कॉलमवर चढवायचा.

फिनॉलचा कचरा वेगळ्या बाटलीत जमा करा. ग्वानिडिन असलेल्या द्रावणात ब्लीच कधीही ओतू नका. विषारी वायू सुटतो.

दोन्ही संचांत २८ एस पट्टा सारखाच फिका आणि खाली धूसर पसारा दिसला, तर किट बदलण्याआधी पहिल्या पायरीतली मिनिटांची नोंद उघडून पाहा. जनावर कापल्यापासून नायट्रोजनपर्यंत जो आरएनए तुटला, तो कोणतीच पद्धत जोडून देत नाही.