बारीक माणसाची साखर

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, हा जाड माणसाचा रोग, असे पुष्कळ लोक मानतात. मीही तेच मानीत असे. मी अंगाने बारीक. शाळेत असताना पोट सुटलेल्या सोबत्यांची थट्टा करी.

पुढे निवृत्त झालो. बसणे वाढले. पोट थोडे पुढे आले, हातपाय मात्र काडीसारखेच राहिले. एकदा पायाला खिळा लागला. जखम महिनाभर भरेना. डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासले. साखर निघाली 168. ती 100 च्या आत हवी. पुन्हा तपासले, तरी 126 च्या वरच. म्हणजे मधुमेहच.

मी म्हणालो, "अहो डॉक्टर, मी तर बारीक!"

ते म्हणाले, "गुरुजी, काटा वजन सांगतो. आत चरबी किती नि मांस किती, ते सांगत नाही."

हे कसे? लासलगावचा कांदा आठवा. कांदा निघाला की हमाल तो चाळीत भरतात. चाळ लहान असली, तर माल बाहेर पडून सडतो.

शरीराचेही तसेच आहे. भाकरी, भात खाल्ला की त्याची साखर होऊन रक्तात येते. इन्सुलिन हा तिचा हमाल. तो स्वादुपिंडातून येतो. स्नायू, म्हणजे अंगातले मांस, ही साखरेची मोठी चाळ. मांस कमी, तर चाळ लहान. पोटात चरबी साठली, तर चाळीचे दारही नीट उघडत नाही. मग साखर रक्तातच तुंबते. ती डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा बिघडवते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचा पुष्कळ अभ्यास केला. 2004 साली त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा 9, तर याज्ञिक यांच्या अंगात शेकडा 21!

पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळेही त्यांनी तपासली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5 किलो. आपल्या बाळांचे मांस फार कमी, चरबी मात्र तितकी कमी नव्हती. म्हणून गरोदर बाईच्या खाण्याची काळजी आधी घ्या. तिला सर्वांच्या मागून उरलेसुरले वाढू नका.

आता काय करावे? पोटाचा घेर टेपने मोजा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत, बाईचा 80 च्या आत असावा. जेवणानंतर थोडे चाला. चालणारे मांस साखर ओढून घेते. उठाबशा काढा, म्हणजे मांस वाढेल. डाळ, उसळ खा. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका.

माझी जखम भरली. आता मी रोज चालतो, उठाबशा काढतो. कोणाची थट्टा मात्र करीत नाही.

उत्तरे लिहा :
1. साखरेची चाळ कोणती? तिचा हमाल कोण?
2. बारीक माणसाला मधुमेह का होतो?
3. घरातल्या मोठ्या माणसांच्या पोटाचा घेर मोजा व लिहा.